वाऱ्याची तसबीर

‘चित्र’ आणि ‘तसबीर’ हे शब्द आपण आता एकमेकांच्या जागी बेलाशक वापरतो. परंतु जुन्या घरांतील माणसे त्यांत भेद करीत असत. कागदावर वा कापडावर रंगाने जे उतरले ते चित्र; आणि तेच मढवून, चौकट घालून, मागे फळी ठोकून, दिवाणखान्यातल्या खिळ्याला टांगण्याजोगे झाले म्हणजे त्याची तसबीर होई. अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेल्या या शब्दाच्या मूळ अर्थात चौकटीचा मागमूसही नाही. ती त्याला आमच्या भिंतींनी चिकटवली. ज्या फ्रेंच चित्रकाराच्या समुद्रतीरावरील तैलचित्रांविषयी या प्रकरणात लिहावयाचे आहे, त्याला हा भेद समजावून सांगावा लागला नसता, कारण चित्रकार होण्याआधी त्याचा धंदाच मुळी तसबिरी मढवण्याचा होता.

त्याचे नाव यूजेन बूदँ. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर, सेन नदी जेथे समुद्राला मिळते त्या मुखाच्या दक्षिण बाजूस ओंफ्लर नावाचे जुने बंदर आहे. तेथे १२ जुलै १८२४ रोजी एका दर्यावर्दी कुटुंबात तो जन्मला. नदीमुखाच्या पलीकडच्या तीरावर ल हाव्र हे मोठे व्यापारी बंदर. या दोन बंदरांमध्ये ये-जा करणाऱ्या बापाच्या बोटीवर हा मुलगा वयाच्या दहाव्या वर्षाच्या आसपास खलाशी पोऱ्या म्हणून राबू लागला. ज्या वयात आपल्याकडची मुले पंतोजींच्या छडीखाली मुळाक्षरे घोटीत असत, त्या वयात त्याने दोरखंड ओढले, डेक धुतले, आणि पाऊस कोणत्या बाजूने येणार हे आकाशाकडे पाहून ओळखण्याची विद्या हस्तगत केली. खलाशाला आकाश हे शोभेसाठी नसते. ते त्याचे रोजचे हुकूमनामे असतात, आणि ते वाचता न येणारा माणूस समुद्रावर फार दिवस टिकत नाही. कोकणातला तांडेल मतलई वारा सुटला की खारा वारा आत शिरू लागला हे जसे गालाच्या कातडीवरून सांगतो, तशीच ही जाण. पुढे ज्याला कोरोसारख्या श्रेष्ठ निसर्गचित्रकाराने ‘आकाशांचा राजा’ म्हटले, त्याची पहिली शाळा ही होती.

पुढे हे कुटुंब ल हाव्रला राहावयास आले, मुलगा समुद्रावरून उतरला, आणि कागद, दौत, लेखणी विकणाऱ्या दुकानात नोकरीस लागला. १८४४ साली, म्हणजे वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने एका भागीदाराबरोबर स्वतःचे दुकान थाटले. तेथे लेखनसाहित्य मिळे आणि चित्रांना चौकटीही घालून मिळत. उन्हाळ्यात समुद्रकाठी चित्रे काढण्यास येणारे पॅरिसचे चित्रकार या दुकानाची पायरी चढत. त्यांत ईझाबे होता, त्रॉयाँ होता, आणि शेतकऱ्यांच्या चित्रांमुळे पुढे जगद्विख्यात झालेला मिलेही होता. त्यांची चित्रे दुकानाच्या काचेआड मांडली जात, आणि गिऱ्हाइकाची वाट पाहत बसलेल्या तरुण दुकानदाराला ती दिवसभर न्याहाळावयास मिळत. असल्या अभ्यासाची फी द्यावी लागत नाही, हा त्यातला मोठा फायदा.

येथे चौकटीविषयी थोडे सविस्तर सांगणे प्राप्त आहे, कारण संग्रहालयात आपण चित्रे पाहतो आणि चौकटीला दाराच्या कडीइतकेही महत्त्व देत नाही. त्या काळच्या उत्तम सोनेरी चौकटीची घडण अशी : लाकडी पट्ट्यांची टोके तिरपी कापून कोपरे जुळवावयाचे, मग सरसात कालवलेल्या खडूचे पातळ थर एकावर एक द्यावयाचे, आणि प्रत्येक थर वाळला की घासून इतका गुळगुळीत करावयाचा की त्याला हस्तिदंताची कळा यावी, त्यावर वस्त्रगाळ तांबडी माती सरसाच्या पाण्यात भिजवून तिचा हात फिरवावयाचा, आणि अखेर त्या मातीला किंचित ओलावा देऊन, रुंद मऊ कुंचल्याच्या टोकावर अलगद उचललेला सोन्याचा वर्ख तिच्यावर टेकवावयाचा. हे करताना कारागीर श्वास आवरून धरतो, कारण वर्ख इतका तलम असतो की नाकपुडीतल्या वाऱ्यानेही तो उडून जाऊन बाहीला चिकटतो. थर वाळला म्हणजे अकीकाच्या गुळगुळीत खड्याने त्यास घोटतात, आणि मग तो मंद, उबदार झळाळी धरतो. शंभर वर्षांनी कडांवरचे सोने झिजते आणि खालची तांबडी माती डोकावू लागते. जाणकार मनुष्य जुनी चौकट ओळखतो ती बहुधा या लालीवरून. मात्र चौकटीवरची पानाफुलांची भरगच्च नक्षी प्रत्येक वेळी कोरलेली असेच असे नाही. खडू, सरस, राळ आणि जवसाचे तेल यांचा लगदा साच्यात दाबून काढलेली फुले चिकटवण्याची सोयीस्कर युक्ती एकोणिसाव्या शतकात सर्रास चालू होती. खरे कोरीव काम परवडणारे धनिक थोडे, आणि तसे दिसावे अशी हौस असणारे पुष्कळ, अशा काळात ती न चालती तरच नवल.

या चौकटीचे एक काम चित्राच्या कडा सांभाळण्याचे, आणि दुसरे त्याहून मोठे काम म्हणजे ‘हे काम पुरे झाले आहे’ असा जणू शिक्का मारण्याचे. पॅरिसच्या ‘सलाँ’ या सरकारी प्रदर्शनात, जेथे परीक्षकांच्या मंडळापुढे चित्रे रुजू करावी लागत, तेथे सोनेरी चौकट हा शिरस्ताच होता. चौकटीबाहेर जे राहिले ते टिपण, टाचण, कच्चा खर्डा. दप्तरातल्या कच्च्या कागदांसारखे ते चित्रशाळेच्या कोपऱ्यात पडून राहावयाचे.

बूदँने दोन-तीन वर्षांतच दुकान सोडले आणि कुंचला धरला. १८५१ साली ल हाव्रच्या नगरपालिकेने त्याला पॅरिसला जाऊन शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. त्या पैशांवर त्याने लूव्रमध्ये जुन्या उस्तादांच्या प्रतिकृती केल्या, डच समुद्रचित्रे बारकाईने पाहिली, आणि मुदत संपल्यावर, नगरपित्यांची बहुधा काहीशी निराशा करून, तो पुन्हा आपल्या ढगांकडे परतला. राजधानीत राहून पौराणिक देवतांची मोठमोठी चित्रे रंगवून पदके मिळवावीत ही त्या काळची प्रतिष्ठेची वाट. हा मात्र ओंफ्लरजवळच्या टेकडीवर ‘सँ सिमेओँ’ नावाच्या शेतघरात, जेथे स्वस्तात जेवण आणि मुबलक सफरचंदी दारू मिळे, इतर फटिंग चित्रकारांच्या संगतीत बसू लागला आणि तेथून खाली दिसणारी खाडी व वरून जाणारे ढग पेस्टलच्या कांड्यांनी टिपू लागला.

ही टिपणे १८५९ साली कवी बोदलेर याच्या दृष्टीस पडली. बोदलेरची आई ओंफ्लरला राहत असे, आणि तो तेथे आला असता बूदँच्या खोलीत शेकड्यांनी साठलेले हे कागद त्याने पाहिले. त्या वर्षीच्या सलाँवर लिहिताना, प्रदर्शनात नसलेल्या या टिपणांसाठी त्याने जागा काढली. प्रत्येक कागदाच्या समासात तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा नोंदलेली होती, आणि बोदलेरचे म्हणणे असे की, ज्याला हवामानाशी थोडाफार परिचय करून घेण्याची सवड मिळाली आहे, त्याने ही नोंद हाताने झाकून ठेवली तरी चित्रातला ऋतू, प्रहर आणि वारा ओळखता यावा. स्तुतीच्या पाठोपाठ त्याने एक टाचणीही लावून ठेवली : ही शेवटी टिपणेच आहेत, चित्रे नव्हेत, आणि खुद्द चित्रकारही त्यांना चित्रे म्हणवीत नाही. येथेच आपल्या विषयाची गाठ आहे. वाऱ्याची दिशा नोंदवणारा हा खलाशाचा मुलगा जे टिपीत होता ते तासाभरात पालटणारे. आणि ज्या सोनेरी चौकटीची घडण त्याला दुकानापासून पाठ होती तिच्यात जे शोभे ते कायमचे, पुरे झालेले, गुळगुळीत. या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा हा प्रश्न बूदँला आयुष्यभर पुरला.

साधनांनी त्याला थोडी मदत केली. तैलरंग म्हणजे रंगाची पूड जवसाच्या तेलात घोटून केलेला लगदा. हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतला प्राणवायू शोषून ते हळूहळू घट्ट, लवचीक पापुद्रा बनते, आणि त्याला दिवस लागतात. पूर्वी घोटलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवीत आणि टोचा मारून लागेल तसा पिळून काढीत. भोक बुजवता आले नाही की उरलेला रंग वाया. १८४१ साली जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने कथिलाच्या पत्र्याची, झाकण असलेली नळी काढली, आणि रंगपेटी काखोटीस मारून पुळणीवर जाणे सोपे झाले. कॅनव्हासही दुकानात ठराविक मापांचे, क्रमांक घातलेले मिळत. आणि फ्रेंच दुकानदारांची पद्धत मोठी गंमतीची होती. एकाच क्रमांकाचे तीन प्रकार असत : व्यक्तिचित्रासाठी, भूदृश्यासाठी आणि समुद्रासाठी. तीस क्रमांकाचा कॅनव्हास ९२ सेंटिमीटर लांब. त्याची दुसरी बाजू माणसासाठी ७३, जमिनीसाठी ६५ आणि समुद्रासाठी ६०. समुद्र जितका लांबट तितका खरा, असा हा कारखानदारी न्याय. बूदँने त्यालाही पुष्कळदा ताणले, आणि आपल्या किनाऱ्याच्या चित्रांसाठी उंचीच्या जवळजवळ दुप्पट लांबीच्या फळ्या पसंत केल्या.

त्या चित्रांकडेच आता वळू. १८६२ च्या सुमारास त्याने ओंफ्लरपासून फारशा दूर नसलेल्या त्रुव्हीलच्या पुळणीवर बसण्यास सुरुवात केली. त्याच्या चाळीसेक वर्षे आधी त्रुव्हील हे मासेमारीचे खेडे होते. चित्रकारांनी ते शोधले, चित्रकारांमागून लेखक आले, लेखकांमागून श्रीमंत आले, आणि १८६३ साली आगगाडी आल्यावर पॅरिसचे अर्धे उच्चभ्रू जग उन्हाळ्यात तेथे लोटू लागले. तूक नदीच्या पलीकडच्या दलदलीवर तिसऱ्या नेपोलियनचा सावत्र भाऊ ड्यूक द मोर्नी याने दोव्हील हे नवे विलासी नगर उठवले. समुद्रस्नान आरोग्याला हितकर, असे वैद्यांचे मत होते. पण पुळणीवर जमणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया पाण्यात उतरण्यासाठी आलेल्याच नसत. पोलादी कड्यांवर फुगवलेले घागरे सांभाळीत, छत्र्या उघडून, वाळूत मांडलेल्या वेताच्या खुर्च्यांवर त्या समुद्राकडे पाठ करून बसत आणि एकमेकींना पाहत.

वीतभराहून किंचित उंच आणि दोन वितींएवढी लांब अशी यांतली एखादी फळी जवळ जाऊन पाहावी. खालचा जेमतेम तिसरा भाग जमिनीचा. त्यात सगळी माणसे एका आडव्या पट्टीत दाटलेली, जणू वाळूवर लोंबणारी झालर. समुद्र म्हणावा तर बोटभर करडी-हिरवी रेघ, तीवर एखादे शीड. बाकी सारे आकाश. नाकाला रंगाचा वास यावा इतके जवळ गेले की माणसे विरघळतात : एक चेहरा म्हणजे गुलाबी रंगाचा एक ठिपका, डोळे नाहीत, नाक नाही, घागरा म्हणजे सफेद्याचे दोन तिरके फटकारे आणि त्यांच्या कडेला निळसर सावली, लाल शाल म्हणजे कुंचला टेकवून उचलला तेवढीच. १८६३ साली त्याने सम्राज्ञी युजेनी आपल्या परिवारासह त्रुव्हीलच्या पुळणीवर फिरताना रंगवली, आणि हे चित्र आता ग्लासगोच्या बरेल संग्रहात आहे; तिच्या चेहऱ्याला त्याने भोवतीच्या स्त्रियांपेक्षा अधिक सविस्तर वागणूक दिलेली नाही. दरबारी चित्रकाराने असे केले असते तर त्याचा तनखा बंद झाला असता. मात्र वाऱ्याने कोणालाही वगळलेले नाही : टोपीची फीत, बुरख्याची जाळी, शालीचे टोक, आणि दूरच्या बोटीचा धूर ही सारी एकाच बाजूला झुकतात. समासातली वाऱ्याची नोंद आता समासात राहिली नव्हती, चित्रात आली होती.

या श्रीमंत गर्दीविषयी बूदँचे मन स्वच्छ नव्हते. १८६७ च्या उन्हाळ्यात पत्नीच्या ब्रिटनी प्रांतातील दर्यावर्दी व शेतकरी लोकांत राहून तो त्रुव्हीलला परतला, आणि तेथल्या नटव्या निरुद्योगी जमावाचे दृश्य त्याला एखाद्या ओंगळ सोंगाच्या मिरवणुकीसारखे वाटले. अशांची चित्रे काढावयाची याची लाज वाटते, असे त्याने मित्राला लिहिले. वर्षभराने त्याच मित्राला लिहिताना सूर बदललेला आहे. शेतकऱ्यांना त्यांचे चित्रकार मिळाले, ते योग्यच झाले. परंतु संध्याकाळी धक्क्यावर सूर्यास्ताकडे चालत जाणारे हे मध्यमवर्गीय लोक, जे वर्षभर कचेरीत व पेढीत राबून थोडी विश्रांती घ्यावयास आलेले असतात, त्यांनाही चित्रात उभे राहण्याचा अधिकार नाही काय, असा त्याचा सवाल. माझ्या मते ही दोन्ही पत्रे खरी आहेत. त्याच्या चित्रांत त्या माणसांचा उपहास नाही आणि खुशामतही नाही. ती माणसे तेथे असतात, जशी वाळूत खुर्ची असते.

गिऱ्हाईक फारसे नव्हते. ही चित्रे विकत घेण्याची ऐपत असणारे लोक चित्रांतच बसलेले होते, आणि आपला चेहरा ठिपक्याएवढा पाहण्यासाठी पैसे मोजण्याची त्यांना विशेष उत्कंठा नसावी. मोठा व्यापारी पाठीशी उभा राहण्यास १८८० नंतरची वर्षे उजाडावी लागली; १८९२ साली सरकारने ‘लेजिओँ दॉनर’ हा बहुमान दिला तेव्हा तो अडुसष्ट वर्षांचा होता. ८ ऑगस्ट १८९८ रोजी दोव्हीलला त्याचे देहावसान झाले. चित्रशाळेत चौकटीविना पडून राहिलेली दोनशेंहून अधिक टिपणे त्याच्या भावाने १९०० साली ल हाव्र शहराला अर्पण केली, आणि आज तेथल्या संग्रहालयात गाई, ढग, होड्या, भरतीचे पाणी असा सारा कच्चा खर्डा सन्मानाने भिंतीवर मांडलेला आहे.

परंतु त्रुव्हीलच्या या चित्रांच्या आधी, १८५८ च्या सुमारास, ल हाव्रमध्ये एक गोष्ट घडली होती, आणि तीही चौकटीच्याच दुकानात. तेथे काचेआड बूदँच्या समुद्रचित्रांजवळ गावातल्या प्रतिष्ठितांची व्यंगचित्रे टांगलेली असत. ती काढणारा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा होता क्लोद मोने. या पोराला बूदँची चित्रे मुळीच आवडत नसत आणि त्याला भेटण्याचीही त्याची इच्छा नव्हती. दुकानदाराने भेट घडवली; बूदँने व्यंगचित्रांची तारीफ केली, आणि तेवढ्यावर न थांबता, उघड्यावर बसून निसर्ग रंगव, म्हणून त्याचा पिच्छा पुरवला. अखेर एके दिवशी दोघे रंगपेट्या घेऊन ल हाव्रजवळ रुएलच्या बाजूस गेले. आपण चित्रकार झालो ते बूदँमुळे, हे मोने म्हातारपणीही कबूल करीत असे. १८७४ साली पॅरिसला नादारच्या जुन्या छायाचित्रशाळेत जे प्रदर्शन भरले आणि ज्यातल्या मोनेच्या ल हाव्र बंदराच्या चित्रावरून ‘इंप्रेशनिस्ट’ हे थट्टेचे नाव रूढ झाले, त्यात पन्नाशीला टेकलेला बूदँही सहभागी होता. या मंडळींना सोनेरी चौकट नको झाली होती. पिसारो आणि देगा यांनी पुढे पांढऱ्या व रंगीत चौकटी वापरून पाहिल्या. व्यापाऱ्यांनी मात्र, गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यातील खुर्च्यांशी जुळावे म्हणून, त्याच चित्रांना निमूटपणे पुन्हा सोनेरी नक्षीदार चौकटी चढवल्या, आणि आजही बहुतेक संग्रहालयांत ती तशीच दिसतात.

आता १८७० चा उन्हाळा. मोनेचे जून महिन्याच्या अखेरीस कामीयशी लग्न झाले, आणि तो बायको-मुलाला घेऊन त्रुव्हीलला आला; बूदँ आणि त्याची पत्नीही तेथे होती. १९ जुलैला फ्रान्सने प्रशियाशी युद्ध पुकारले. थोड्याच काळात मोने लंडनला आणि बूदँ बेल्जियमला निघून जाणार होता. पण तोवर दिवस उन्हाचे होते, वारा होता आणि पुळण रिकामी नव्हती. मोनेने वीत-दीड वीत उंचीचा एक लहान कॅनव्हास मांडला. समोर दोन स्त्रिया खुर्च्यांवर बसलेल्या : डावीकडे पांढऱ्या वस्त्रांत छत्री धरलेली कामीय, उजवीकडे काळ्या वस्त्रांत, बहुधा, बूदँची पत्नी, मध्ये एक रिकामी खुर्ची. वर ढग भरभर सरकत असावेत, कारण रंग ओल्यावर ओला, घाईने, दाट फटकाऱ्यांनी दिलेला आहे, आणि काही ठिकाणी खालचा करडा अस्तर-रंग तसाच उघडा सोडलेला आहे. बूदँने त्याला बारा वर्षांपूर्वी ज्याचा आग्रह धरला होता, ते येथे कोणतीही सफाई न करता जागच्या जागी संपवलेले दिसते.

हे चित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. तेथल्या तज्ज्ञांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले तेव्हा रंगाच्या थरात वाळूचे कण आणि शिंपल्यांचे बारीक तुकडे रुतलेले आढळले. त्रुव्हीलच्या पुळणीवर त्या दिवशी सुटलेल्या वाऱ्याने ते ओल्या रंगावर आणून टाकले, जवसाचे तेल त्यांच्याभोवती घट्ट झाले, आणि दीडशे वर्षे ते चौकटीच्या आत, जेथे पडले तेथेच, आहेत.